रेंजरचे पुढचे हब, हिवाळा २०२४-२५

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

गाडी फोर्ड रेंजर पिकअप, १९९४ ची. चार लिटरचं व्ही-६ इंजिन, पाच गिअर, आणि ट्रान्स्फर केसला, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीला, बटण नाही तर खरीखुरी दांडी. हौद्याच्या कडा गंजल्यात, पण चासी हातोडीनं जागोजागी वाजवून पाहिली तर आवाज भरीव येतो. इथल्या मिठाच्या रस्त्यांवर तीस वर्षं काढलेल्या गाडीकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

इथे म्हणजे मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, हॅन्कॉकमध्ये. कालव्यापलीकडे हाउटन, मधे उचलता येणारा पूल. माझं घर क्विन्सी टेकडीच्या माथ्यावर, हमरस्त्यापासून आत चारशे मीटर खासगी गल्लीत. हमरस्ता यूएस-४१. त्यावरचा बर्फ सरकारी नांगर रात्रंदिवस ढकलत असतो. गल्लीतला बर्फ ढकलणारा माणूस मात्र त्याच्या सवडीनं येतो. म्हणजे मला फोर-व्हील लागते ती रोज चारशे मीटर, आणि उरलेला सगळा प्रवास काळ्या, ओल्या, मीठ टाकलेल्या डांबरावर. हा प्रकल्प त्या चारशे मीटरांसाठी आहे.

बर्फ किती? उत्तरेला मोहॉकच्या पुढे रस्त्याकडेला थर्मामीटरसारखा एक उंच फलक उभा केलाय, त्यावर विक्रम लिहिलाय: १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच. म्हणजे जवळपास दहा मीटर. सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा वाफ उचलतो आणि जमिनीवर आला की ती बर्फ करून टाकतो. सांगलीत कृष्णेच्या पुराची पातळी पुलाच्या खांबावर वाचत मोठा झालो, तसाच हा फलक वाचला.

आजची तपासणी. पुढची बाजू जॅकवर घेऊन दोन्हीकडे स्टँड लावले, मागच्या चाकांना ओंडके. दांडी फोर-एचवर (चारही चाकांना ताकद; टू-एच म्हणजे फक्त मागच्या दोन) टाकून पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा, धरून ठेवायला पोराला बसवलं आणि चाकं हातानं फिरवली. उजवं चाक पाव फेरीनंतर आतल्या शाफ्टला सोबत घेऊन फिरायला लागलं, म्हणजे हब (चाक शाफ्टला जोडणारी कडी) पकडतोय. डावं एकटंच फिरत राहिलं. मधेच कट्ट, परत मोकळं. डावा हब मेलेला आहे किंवा मरतोय.

२६ ऑक्टोबर, शनिवार

गाडीत मुळात ऑटोमॅटिक हब आहेत. आधी हब कशाला असतात ते इथे लिहून ठेवतो, कारण पोरानं विचारलं आणि मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही.

टू-व्हीलवर चालताना पुढच्या चाकांना इंजिनशी काही देणंघेणं नसतं. तरी ती रस्त्यावर फिरतातच. ती ॲक्सलला कायमची जोडलेली असली तर आतले शाफ्ट, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरांची पेटी), पुढचा प्रोपेलर शाफ्ट, सगळ्यांना वरातीसारखं नाचवत घेऊन जातात. फुकटची झीज, फुकटचं पेट्रोल. म्हणून चाक आणि शाफ्ट यांच्यामध्ये एक कडी ठेवायची, हवी तेव्हा अडकवायची, नको तेव्हा सोडायची. ती कडी म्हणजे लॉकिंग हब. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करी जीपा स्वस्तात विकायला निघाल्या, लोक त्या शेतात आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालवायला लागले, तेव्हा आर्थर वॉर्न या माणसानं १९४८ मध्ये असे हब बनवून विकायला सुरुवात केली. वॉर्न हे नाव आजही हबवर असतं.

ऑटोमॅटिक हबमध्ये ही कडी आपोआप अडकते. दांडी फोर-एचवर टाकली की शाफ्ट फिरायला लागतो, आतला एक कॅम स्थिर भागावर घासून चढतो आणि दातेरी कडं बाहेर ढकलतो. सुटायचं असेल तर टू-एचवर टाकून गाडी दहाएक फूट उलटी घ्यायची. कागदावर छान आहे. पण फिरण्याची दिशा बदलली की कॅम आधी उतरतो आणि मग दुसऱ्या बाजूनं परत चढतो. आता बर्फात रुतलेली गाडी आपण कशी काढतो? पुढे, मागे, पुढे, मागे, झोका देत. म्हणजे नेमकी गरज असते त्या वेळी दर झोक्याला हब एकदा सुटतो आणि परत पकडतो. तीस वर्षांच्या हबला थंडीत ही कसरत जमेलच असं नाही.

दोष गाडीचा नाही, वयाचा आहे. शिवाय आधीच्या कुणा मालकानं ग्रीस बेताबेतानं भरलेलं दिसत नाही. टोपीच्या कडेनं ओघळलंय.

ठरलं: हाताने फिरवायचे वॉर्नचे हब, आणि सोबत नट बदलायचा संच. हबवर डायल असतो, एका बाजूला फ्री, एका बाजूला लॉक. थंडीत खाली उतरून दोन्ही चाकांपाशी वाकायला लागणार, हे मान्य.

रात्री बाबांचा फोन. ते पाटबंधारे खात्यात होते, जीपमध्येच आयुष्य गेलं. म्हणाले, "हाताचाच घे. जे आपोआप होतं ते आपोआप बंदही होतं."

२ नोव्हेंबर, शनिवार

आज पाडवा. बायकोनं ओवाळलं, ओवाळणीत तिला गाडीखालचा माणूस मिळाला. बाहेर चार अंश, पाऊस. गॅरेजमध्ये हीटर लावून डावी बाजू खोलली.

क्रम असा. चाक काढा. स्टडवर दोन-तीन पातळ पत्र्याच्या चकत्या हबला धरून असतात, त्या पक्कडीनं काढा. हब बाहेर ओढा. आता शाफ्टच्या टोकावर सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, दिसेल, ती काढा. मग स्पेसर आणि सुयांचं बेअरिंग. मग कॅम, तो ओढून काढायचा. त्याच्याखाली बेअरिंगचा नट.

आणि इथे थांबायचं. नटाला धरून ठेवणारी एक छोटी चावी खाचेत बसलेली असते, ग्रीसमध्ये ती दिसतच नाही. ती न काढता नट फिरवला तर स्पिंडलचे, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याचे, आटे जातात, आणि मग प्रकल्पाचं बजेट बदलतं. मी ग्रीस आधी कापडानं स्वच्छ पुसलं, बॅटरी मारली, चुंबक लावून चावी उचलली. शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीएवढी असेल. दिवाळीच्या ताटलीत ठेवली, हरवू नये म्हणून. नंतर ती चकलीच्या चुऱ्यात सापडली.

डाव्या हबच्या आत काय होतं? आधीच्या मालकाची मेहेरबानी. पोकळी काठोकाठ ग्रीसनं भरलेली, त्यात गंजाचं पाणी मिसळून कॉफीसारखा रंग. ग्रीस बेअरिंगमध्ये दाबून भरायचं असतं, हबच्या सरकत्या भागांना नुसतं बोट फिरवायचं असतं. थंडीत घट्ट ग्रीस म्हणजे चिक्की. कॅम चढणार कसा? प्लॅस्टिकच्या दात्यांपैकी दोन झिजून गोल झाले होते.

बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुतली. आतल्या रेसवर ओरखडा नाही. परत वापरतो. सील नवीन.

३ नोव्हेंबर, रविवार

उजवी बाजू. या खेपेला हात बसला होता, दोन तासांत खोलून झाली. फक्त सर्क्लिप सटकली आणि कुठेतरी उडाली. पाऊण तास शोधली. शेवटी गॅरेजच्या दाराच्या फटीत मिळाली. दोन डॉलरची वस्तू, पण रविवारी संध्याकाळी या गावात तिची किंमत पुढच्या शनिवारइतकी असते.

जोडणी, पुढच्या वेळेसाठी आकडे: आतला नट चाक फिरवत फिरवत ३५ फूट-पौंडापर्यंत (४७ न्यूटन-मीटर), म्हणजे बेअरिंग जागेवर बसतात. मग पाव फेरी सैल. मग भोकं असलेला वॉशर, नटावरची खुंटी कुठल्यातरी भोकात बसली पाहिजे, नाही बसली तर वॉशर उलटा करून बघायचा, तरी नाही तर नट केसभर हलवायचा. मग बाहेरचा नट १५० फूट-पौंड (२०३ न्यूटन-मीटर). या नटांना चार दात्यांचं वेगळं सॉकेट लागतं. छिन्नी-हातोड्यानंही होतं असं सांगणारे भेटतील. त्यांच्या स्पिंडलकडे बघावं.

चाक वर-खाली धरून हलवलं. खुळखुळत नाही, आवळलेलंही नाही. मग हब. आतल्या स्प्लाइनवर (शाफ्टच्या उभ्या खाचांवर) ग्रीसचा पातळ हात, ओ-रिंगवर पातळ हात, बस. डायल फिरवला: फ्री, लॉक, फ्री, लॉक. बोटांना टिक् असं कळतं. आतली स्प्रिंग क्लचचं कडं ढकलते. दाते समोरासमोर आले नसतील तर कडं दबा धरून बसतं आणि चाक जरा सरकलं की आत शिरतं. म्हणून डायल फिरवल्यावर गाडी दोन-तीन फूट हलवून मगच विश्वास ठेवायचा.

भाऊबीज होती. बहिणीनं व्हिडिओवरून ओवाळलं. तिला माझ्या कपाळावर टिळा नाही, ग्रीस दिसलं.

१० नोव्हेंबर, रविवार

स्टँडवर परत तीच परीक्षा. दोन्ही हब लॉक, दांडी फोर-एच, एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं. फ्री केले की दोन्ही चाकं शाफ्टला न हलवता मोकळी फिरतात.

हात घाण होतेच तर तेलंही बदलली. पुढच्या डिफरन्शियलमधलं घट्ट गिअर ऑइल काढून ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक. ट्रान्स्फर केस आणि गिअरबॉक्स दोन्हीत या गाडीला एटीएफ लागतं, तेच लाल पातळ तेल जे लोक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये भरतात. इथे कुणी गिअर ऑइल भरलं असतं तर जानेवारीत दुसरा गिअर पडला नसता. सुदैवानं लालच निघालं.

हौद्यात मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर वाळूच्या चार नळकांडी पिशव्या, प्रत्येकी ६० पौंड. रिकाम्या पिकअपचं ढुंगण हलकं असतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. अर्धं गाव नारिंगी जाकिटात जंगलात. शेजारचे आजोबा, फिनिश घराण्यातले, ऐंशीच्या पुढचे, दुपारीच परत आले होते. माझे हब वाकून पाहिले, काठीनं डायलवर टकटक केलं.

म्हणाले, "आजपासून एप्रिलपर्यंत लॉक करून ठेव आणि विसरून जा."

मी म्हटलं, मग फ्री करायची सोय घेतली कशाला? मायलेज जाईल, झीज होईल.

ते म्हणाले, "बर्फात गुडघ्यावर बसून डायल फिरवून बघ एकदा. मग मायलेजचं बोलू."

मी ऐकलं नाही. माझी योजना: सकाळी गल्लीसाठी लॉक, हमरस्त्याला लागताना उतरून फ्री. संध्याकाळी उलट. इंजिनिअर माणूस, जे बंद करता येतं ते बंद करावंसं वाटतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

दोन आठवडे योजना चालली, कारण बर्फच नव्हता. काल रात्रीपासून पडतोय. सकाळी गल्लीत गुडघ्याच्या वर, भुसभुशीत, खाली आधीच्या पावसाचा घट्ट थर.

सकाळी सात वाजता, अंधारात, उणे नऊ अंशांत डावा डायल लॉक केला. हातमोजा काढला, फिरवला, घातला. गाडीला वळसा घालून उजवीकडे गेलो, तेवढ्यात खिशात फोन वाजला. बोललो. आत बसलो. दांडी फोर-एच, बोर्डावरचा दिवा लागला, निघालो.

ऐंशी मीटरवर गाडी थांबली. मागची चाकं जागेवर फिरतायत, गाडी हळूहळू खाली बसतेय. बाहेर येऊन पाहिलं तर पुढच्या चाकांनी बर्फ ओरखडलासुद्धा नव्हता. पाच मिनिटं मला वाटलं ट्रान्स्फर केसची साखळी गेली. मग उजवा डायल पाहिला. फ्री.

एक हब लॉक आणि एक फ्री म्हणजे अर्धी फोर-व्हील नाही, शून्य फोर-व्हील. डिफरन्शियल आळशी आहे, जिकडे विरोध कमी तिकडे फिरणं पाठवतो. उजवा शाफ्ट चाकाला जोडलेलाच नाही, त्याला काडीचाही विरोध नाही. सगळं फिरणं तिकडे गेलं. तो शाफ्ट आत मजेत गरगरत होता आणि डावं चाक ढिम्म. दिवा लागला कारण दिव्याला फक्त ट्रान्स्फर केसचं कळतं. हबचं त्याला कुणी सांगतच नाही.

आता उजवा डायल फिरवायचा तर तो बर्फात पुरलेला. फावड्यानं उकरला. बाही वर केली, आडवा झालो, फिरवला. गाडी केसभर मागे घेतली, टिक्. मग पुढे, सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये. निघाली, जणू काही झालंच नव्हतं. झोका देताना पुढची चाकं प्रत्येक दिशेला पकडून होती, मधे सुटणं नाही. त्या एका गोष्टीसाठी पाडव्याचा दिवस कारणी लागला.

आजोबांच्या खिडकीतला पडदा हलला होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

१ डिसेंबर, रविवार

दोन्ही लॉक. तसेच राहतील.

८ डिसेंबर, रविवार

लॉक ठेवून टू-एचवर चालवणं म्हणजे नेमकं काय, हे आठवडाभरात अंगात मुरलं. इंजिनची ताकद मागेच जाते. पुढचं सगळं नुसतं रस्त्यानं फिरवलेलं फिरतं. हमरस्त्यावर पंचावन्न मैलांच्या वेगानं जा, काही बिघडत नाही. उलट पुढच्या डिफरन्शियलमधलं तेल ढवळत राहतं.

खरी मजा दांडीत आहे. पुढचा शाफ्ट आधीच मागच्याच वेगानं फिरतोय, त्यामुळे फोर-एचमध्ये टाकताना दात्यांना झगडावं लागत नाही. ॲक्सिलरेटर क्षणभर सोडायचा, दांडी ओढायची, लोण्यातून सुरी. क्विन्सी टेकडीचा चढ अर्ध्यावर अचानक पांढरा होतो तिथे उतरून डायल फिरवणं शक्यच नाही. मागे डंपर असतात.

पेट्रोल: ऑक्टोबरच्या तुलनेत गॅलनला साधारण एक मैल कमी पडतोय. त्यातलं हबचं किती, थंड इंजिनचं किती, सकाळी दहा मिनिटं उभी ठेवून काच वितळवण्याचं किती आणि वाळूच्या पिशव्यांचं किती, हे वेगळं काढता येणार नाही. मी वही केली होती त्यासाठी. बंद केली.

१४ डिसेंबर, शनिवार

स्वतःची चूक, म्हणून लिहितो. गल्लीतून फोर-एचवर निघालो, हमरस्त्याला लागलो, आणि दांडी परत टू-एचवर टाकायला विसरलो. रस्ता कोरडा. किराणा दुकानाच्या आवारात डावीकडे पूर्ण वळण घेताना स्टिअरिंग जड, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी, मग टायर ची करून सटकलं.

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता चालतात. या ट्रान्स्फर केसमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले, मधे तिसरा डिफरन्शियल नाही. बर्फावर फरक घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये साठत जातो, ओल्या धोतरासारखा. दांडी ओढली तर येईना. जोर लावायचा नाही. सरळ रेषेत दहा-बारा फूट रिव्हर्स घेतली, खट् झालं, पीळ सुटला, दांडी आपोआप आल्यासारखी आली.

दोष हब लॉक असण्याचा नव्हता. हब लॉक असणं आणि फोर-एचमध्ये असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मी सहकाऱ्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता कुणी विचारत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

पुलाकडे उतरताना लाल दिव्याला थांबलो नाही. म्हणजे थांबवत होतो, गाडी थांबत नव्हती. फोर-एचवर होती. चार चाकं ढकलायला असली तरी थांबायला आधीही चारच होती. तिथे काम करतं ते रबर, आणि माझं रबर सहा वर्षांचं. समोर कुणी नव्हतं.

चारही टायर बदलले, हिवाळ्याचे, चारही एकाच मापाचे आणि एकाच दिवशी. दोन नवे दोन जुने टाकले असते तर घेर वेगळा, आणि फोर-एचवर सरळ रस्त्यावरही पीळ साठत राहिला असता.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

उद्या शिकागोला मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम. एका बाजूनं सव्वाचारशे मैल, सगळा हमरस्ता. बायकोचे तिळाचे लाडू तीन डबे. म्हटलं, एवढ्या लांब जाताना तरी हब मोकळे करू.

डावा डायल फिरला. उजवा नाही. बाहेर उणे एकवीस.

पक्कड हातात घेतली आणि परत ठेवली. डायलचं बोंड मऊ असतं, थंडीत आणखी ठिसूळ. जोरानं ते तुटेल, आतलं कडं हलणार नाही. गाडी फूटभर पुढे-मागे केली, दात्यांवरचा ताण सुटावा म्हणून. तरी नाही. म्हणजे ताण नाही, बर्फ आहे. पोरगा गरम पाण्याची किटली घेऊन आला. त्याला परत पाठवलं. गरम पाणी फटीतून आत जाईल, आतल्याला जाऊन मिळेल, आणि पंधरा मिनिटांत दुप्पट बर्फ. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर लांब वायर लावून वीस मिनिटं धरला. डायल किंचित हलला, परत अडकला.

मग डावाही परत लॉक केला. एक मोकळा आणि एक अडकलेला ठेवून सव्वाचारशे मैल जायचं म्हणजे पुढच्या डिफरन्शियलमधले छोटे गिअर सगळा रस्ता एकमेकांवर फिरत राहणार. त्यांचं काम वळणापुरतं असतं, शिकागोपर्यंतचं नाही. दोन्ही लॉक असले की निदान सगळं मिळून सरळ फिरतं.

१९ जानेवारी, रविवार

जाऊन आलो. साडेआठशे मैल हब लॉक, टू-एच. स्टॉपवर हात लावून पाहिलं, पुढचा डिफरन्शियल कोमट, मागच्यापेक्षा थंडच. आवाज नाही, थरथर नाही. परतताना विस्कॉन्सिनच्या उत्तरेला वादळी बर्फ लागला तेव्हा दांडी ओढली आणि पुढे निघालो. शेजारून एक मोठी नवी गाडी रस्त्याच्या कडेला उतरून उभी होती, चालक खाली वाकून काहीतरी शोधत होता. थांबून विचारलं. त्याचा फोन पडला होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

विद्यापीठाचा हिवाळी कार्निव्हल. पोरं रात्रभर बर्फाचे पुतळे करतायत. पाण्यात भिजवलेला बर्फ थापून थापून बसवतात. थापून बसवण्याला इथे एक खास शब्द आहे, पँक. मला तो ऐकून आमच्या शेणानं सारवलेल्या अंगणाची आठवण येते, सारवण्याआधी चोपणं म्हणतात तेच.

दोन पोरांची छोटी कार ढिगाऱ्यात गेली होती. फोर-एलवर (चारही चाकं, पण हळू आणि जास्त जोर) टाकून पट्ट्यानं ओढली. फोर-एलला गाडी थांबवून, क्लच दाबून दांडी टाकायची, चालत्या गाडीत नाही. कार बाटलीच्या बुचासारखी आली. पोरांनी चहा दिला, दालचिनीचा. चहाच म्हणायचा त्याला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शून्याच्या वर दोन अंश, बऱ्याच दिवसांनी. उजवा हब खोलला.

टोपी काढल्यावर आतून चमचाभर पाणी आणि बर्फाचा चुरा. ओ-रिंग बाहेर काढून बोटावर फिरवली: एके ठिकाणी चिमटा बसलेला, नखाएवढा पातळ काप. बसवताना मीच दाबली होती. भाऊबीजेच्या संध्याकाळी, सर्क्लिप शोधून वैतागलेलो असताना, टोपी तिरकी ढकलली असणार. डाव्या बाजूला घाई नव्हती, तिथे आत कोरडं.

सगळं वाळवलं, पाण्यानं पांढरं पडलेलं ग्रीस पुसलं. स्प्लाइनला गंज लागायला सुरुवात झाली होती, बारीक तारेच्या ब्रशनं गेला. नवी ओ-रिंग, ग्रीसचं बोट, टोपी सरळ ठेवून स्क्रू तिरक्या जोड्यांनी थोडे थोडे आवळले. डायल लोण्यासारखा. रात्री उणे चौदा झालं तेव्हा मुद्दाम बाहेर जाऊन फिरवून पाहिला. फिरला. परत लॉक.

महिन्यातून एकदा दोन्ही डायल फ्री-लॉक-फ्री-लॉक करायचे, नुसते हलते राहावेत म्हणून. हे कॅलेंडरवर लिहिलं, चतुर्थीच्या चौकोनात. म्हणजे विसरणार नाही.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गुढी खिडकीच्या आत उभारली, बाहेर वारा आहे. कडुनिंब नाही, शिकागोहून आणलेली पावडर.

ठरवलं होतं की पाडव्याला हब मोकळे करायचे. गल्लीच्या दोन्ही बाजूंना ढीग अजून छातीएवढे, पण मधला रस्ता उघडा पडलाय, लाल चिखल. दुपारी दोन्ही डायल फिरवले. फ्री. दोन बोटांनी. हमरस्त्यावर स्टिअरिंग किंचित हलकं वाटलं, किंवा मला तसं वाटावंसं वाटलं.

संध्याकाळी आजोबा पोळीचं ताट परत द्यायला आले. पुरणपोळीला ते गोड फ्लॅटब्रेड म्हणतात आणि तिच्यावर लोणी लावून खातात, त्यात चूक काही नाही. जाताना चाकापाशी थांबले, काठीनं डायल दाखवला.

"मी एप्रिल म्हटलं होतं."

रात्री नऊला खिडकीतून पाहिलं तर दिव्याखाली तिरका बर्फ. चपला घालून गेलो आणि लॉक केले. आधी उजवा.